मांजर चार पायांवर पडतं, तरीही

अगं, पाचव्या मजल्यावर राहतेस आणि मांजर आणलंस ना, मग आधी गॅलरीला आणि खिडक्यांना जाळी लावून घे. शेजारीपाजारी म्हणतील, ‘मांजर काय, चार पायांवरच पडतं.’ पडतं, खोटं नाही. पिल्लू तीन-चार आठवड्यांचं झालं की हवेत वळायला लागतं, सहा-सात आठवड्यांत ते अंगवळणी पडतं. आधी डोकं सरळ होतं, मग पुढचे पाय, मग मागचे. कणा लवचीक आणि गळ्याजवळचं हाड खांद्याला घट्ट जोडलेलं नाही, म्हणून हे जमतं. शेपूट नसलेल्या मांजरालाही जमतं. फ्रान्समध्ये मारे नावाच्या शास्त्रज्ञानं १८९४ साली याचे ओळीनं फोटो काढले होते.

पण पायांवर पडणं म्हणजे धडधाकट राहणं नव्हे. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद १९८७ साली छापली. उपचार केलेल्यांतली ९० टक्के वाचली. सातव्या मजल्याच्या वरून पडलेल्यांना इजा कमी दिसली, आणि तेव्हापासून ‘जितकं उंच तितकं बरं’ असं जो तो सांगतो. त्यावर जाऊ नकोस. जे जागीच गेलं त्याला दवाखान्यात कोण नेतंय? पुढे २००४ साली झाग्रेबच्या डॉक्टरांनी ११९ मांजरांचा हिशेब मांडला. वाचली बहुतेक, पण सातव्या आणि त्यावरच्या मजल्यांवरून पडलेल्यांना मार जास्त होता, त्यातही छातीला.

मांजराचा खरा चिवटपणा मला दुसरीकडेच दिसतो. ते दुखणं दाखवत नाही. एवढ्या उंचीवरून पडलं तरी उठतं, जिन्याखाली जाऊन बसतं, आणि आपण म्हणतो, काही झालं नाही. हनुवटी आपटून टाळू फाटलेली असते, फुप्फुसाभोवती हवा साठलेली असते. कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकत असेल किंवा हिरड्या पांढुरक्या दिसत असतील तर दुधाची वाटी पुढे करत बसू नकोस. अलगद खोक्यात ठेव आणि नीघ. चालतंय, बरं दिसतंय, तरी डॉक्टरला दाखवायचंच.

झाडावर अडकलं तर खालून आरडाओरडा नको. नख्या मागे वळलेल्या, चढायला सोयीच्या. डोकं खाली करून उतरता येत नाही, मागे सरकतच यावं लागतं. आधी कुत्री हाकल, बुंध्याशी सुकट ठेव आणि बाजूला हो. विहिरीत पडलं तर पोहतं, कपारीला धरून राहतं. दोरीला टोपली बांधून सोड, वरून वाकून गर्दी करू नका. पावसाळ्यात आणि थंडीत गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मार, पिल्लं आत ऊब धरून बसतात.

आणि गणपतीला गावी निघताना मांजर डोळ्यांनी बघितल्याशिवाय कपाटाला किंवा माळ्याच्या खोलीला कडी घालू नकोस. अडकलं तर उपाशी तग धरतं, पण गुबगुबीत मांजराचं यकृत काही दिवसांच्या उपासानं बिघडतं. सापडलं की भरलेली ताटली देऊ नकोस, आधी डॉक्टर.

दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नकोस, एका गोळीनंही मांजर मरतं. रात्री उघडा असणारा जनावरांचा दवाखाना कुठे आहे, ते आजच विचारून नंबर फ्रिजवर चिकटव.