गांधीलमाशी : भीती आणि वस्तुस्थिती

वळचणीला किंवा खिडकीच्या चौकटीत गांधीलमाशीचे घर दिसले की बहुतेक घरी दोनपैकी एक गोष्ट घडते. कोणी जळता बोळा घेऊन धावतो, नाहीतर "राहू द्या, काही करत नाही" म्हणून विषय संपतो. दोन्ही गोष्टी अज्ञानातून होतात. कोणती माशी किती धोक्याची, हे ओळखता आले पाहिजे.

१) कुंभारीण माशी : ही एकटी राहते आणि भिंतीवर मातीचे घर बांधते. त्यात काही जाती अळ्या आणून ठेवतात, काही कोळी. माशीच्या सततच्या गुणगुणण्याने व तिच्या ध्यासाने अळीचीच माशी होते, असा समज आपल्याकडे पूर्वापार चालत आला. 'भृंगकीटक न्याय' हा दृष्टान्त त्यावरूनच रूढ झाला. प्रत्यक्षात माशी अळीला डंख मारून बधिर करते, तिच्याजवळ अंडे घालते व घराचे तोंड लिंपून टाकते. अंड्यातून निघालेले पिल्लू ही शिदोरी खाऊन वाढते. म्हणजे अळीची माशी होत नाही. अळी माशीचे अन्न होते. ऐकलेले तपासून पाहिले की समज कसा गळून पडतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. ही माशी घराची राखण करीत नाही व सहसा चावत नाही.

२) गांधीलमाशी : ही समूहाने राहते. लाकडाचे तंतू चावून, लाळेत मळून ती कागदासारखे घर करते. ते पाहूनच 1719 साली रेओमूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाकडापासून कागद करता येईल, असे सुचविले होते. पिल्लांसाठी ती अळ्या मारते, म्हणून परसातल्या भाजीला तिचा उपयोगच होतो. मात्र घराला धक्का लागला तर ती हल्ला करते. घर उंचावर, वाटेपासून दूर असेल तर राहू द्यावे. दाराशी किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागी असेल तर जाणकाराकडून काढून घ्यावे. जाळण्याच्या नादात स्वतःचे घर पेटू शकते.

३) आग्या मोहोळ : उंच इमारतीला किंवा झाडाला लागणारे हे मोहोळ सर्वांत धोक्याचे. दगड मारणे, धूर करणे जिवावर बेतते. एका माशीने डंख मारला की त्याच्या वासाने इतर माशा धावून येतात. अशा वेळी हात न झाडता, तोंड झाकून बंद खोलीत पळावे.

मधमाशीचा काटा कातडीत रुततो. तो नखाने खरवडून लगेच काढावा. गांधीलमाशीचा काटा रुतून राहत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. जागा साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवावी. परंतु दम लागणे, ओठ-जीभ सुजणे, अंगभर गांधी उठणे, चक्कर किंवा उलट्या होणे यांपैकी काहीही दिसल्यास चुना लावीत बसू नये, मंत्र टाकणाऱ्याकडे जाऊ नये. ताबडतोब दवाखाना गाठावा. तेथे अॅड्रेनलिनचे इंजेक्शन देतात. अशा माणसाला एकच डंखही पुरतो. मागच्या वेळी काही झाले नाही, म्हणून याही वेळी होणार नाही असे नसते.

तात्पर्य, दिसेल ती माशी मारणे ही दक्षता नव्हे आणि दुर्लक्ष करणे ही दया नव्हे. आधी ओळखावे, मग कृती करावी. निदान ही धोक्याची लक्षणे तरी घरातील प्रत्येक मुलाला आजच सांगून ठेवावीत.