पान्हा कोण सोडतो?

पहाटेची वेळ. गोठ्यात गाय उभी आहे. आपण वासरू सोडतो. वासरू धावत येते. सडाला तोंड लावते. कासेला ढुसण्या देते. थोड्याच वेळात सड भरतात. गाय पान्हा सोडते. मग वासरू बाजूला बांधून आपण धार काढायला बसतो.

हे आपण रोज पाहतो. पण पान्हा सोडतो कोण? आपण म्हणू, कास सोडते. पण तसे नाही. पान्ह्याचा हुकूम गाईच्या डोक्यातून सुटतो! कसा, ते पाहू.

मेंदूच्या तळाशी एक लहानसा भाग असतो. त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. तो गाईला असतो, तसा आपल्यालाही असतो. माणसाचा हा भाग बदामाएवढा. पण काम केवढे! भूक, तहान, अंगाची ऊब, साऱ्यांवर त्याची नजर. त्याच्या खाली एक छोटी ग्रंथी लोंबते. माणसात ती वाटाण्याएवढी असते. तिचे नाव पीयूषिका.

हायपोथॅलॅमस शरीराला निरोप धाडतो. काही निरोप मज्जातंतूंतून जातात. काही रक्तातून जातात. रक्तातून निरोप नेणाऱ्या रसाला संप्रेरक म्हणतात. पान्ह्याच्या संप्रेरकाचे नाव ऑक्सिटोसिन. ते हायपोथॅलॅमसमध्ये तयार होते आणि पीयूषिकेत साठते.

वासरू सड चोखते, ती वर्दी मेंदूला पोचते. मग ऑक्सिटोसिन रक्तात उतरते. रक्ताबरोबर कासेत येते. कासेत दुधाच्या अगदी बारीक पिशव्या असतात. त्यांच्याभोवती बारीक स्नायू असतात. ऑक्सिटोसिन आले की ते आवळतात. पिशव्या पिळल्या जातात आणि दूध सडात येते. याला सुमारे एक मिनिट लागते. हा जोर थोडी मिनिटेच टिकतो. म्हणून पान्हा आला की रेंगाळू नये. धार भराभर काढावी.

हे कळले कसे? अमेरिकेत एली आणि पीटरसन नावाचे दोन शास्त्रज्ञ होते. त्यांनी आपले प्रयोग १९४१ साली प्रसिद्ध केले. त्यांनी गाईच्या अर्ध्या कासेचे मज्जातंतू तोडले. तरी दोन्ही बाजूंनी दूध उतरले. म्हणजे कासेला निरोप रक्तातून येतो, हे ठरले. मग त्यांनी गाईजवळ कागदी पिशव्या फटाफट फोडल्या. गाय बिचकली आणि दूध उतरेना. भ्यालेल्या जनावराच्या अंगात दुसरेच संप्रेरक पसरते. ते पान्ह्याच्या आड येते.

आपण म्हणतो, गाय पान्हा चोरते. आम्हीही तसेच म्हणत होतो. ती आमची चूक होती. गाय चोर नाही. ती भ्यालेली असते, नाहीतर तिला दुखत असते. तिला काठी मारली तर दूध आणखी अडेल. पाठीवरून हात फिरवा. रोजच्या वेळी, रोजच्याच माणसाने धार काढावी.

काही लोक पान्ह्यासाठी रोज इंजेक्शन टोचतात. त्याची सवय लागली की गाय आपणहून नीट पान्हा सोडत नाही. शिवाय दुधासाठी जनावराला अपाय होईल असे इंजेक्शन देणे, हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

आता आपल्या घरातल्या आयाबहिणींकडे वळू. बाईच्या अंगातही हेच ऑक्सिटोसिन काम करते. बाळंतपणात कळा येतात, त्या त्याच्याच जोराने. बाळ अंगावर पिऊ लागले की दूध उतरते, तेही त्यानेच. त्याच वेळी आईचे गर्भाशय आवळते आणि रक्त जाणे कमी होते. म्हणून बाळाला पहिल्या तासातच छातीशी घ्यावे. पहिले चिकाचे दूध टाकू नये. बाळंतिणीला टाकून बोलू नये. धास्तीने तिचेही दूध अडते.

बाळंतपणानंतर फार रक्त गेले तर बाई दगावते. ते थांबवण्यासाठी दवाखान्यात ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. ते जीव वाचवते. पण कळा वाढाव्यात म्हणून तेच इंजेक्शन घरी कोणा अडाणी हाताने टोचले, तर गर्भाशय फाटू शकते. बाळ गुदमरू शकते. औषध तेच. जाणत्या हातात ते तारते, अजाण हातात मारते. म्हणून बाळंतपण दवाखान्यातच करावे.

गोठ्यात असो की घरात, आईला धीर द्या. पान्हा आपोआप येईल.

प्रश्न
१. ऑक्सिटोसिन कोठे तयार होते? कोठे साठते?
२. गाईला मारल्यावर दूध का अडते?
३. बाळाला पहिल्या तासातच अंगावर का पाजावे?
४. कळांसाठी घरी इंजेक्शन का घेऊ नये? घरी सर्वांना समजावून सांगा.