गोंदण पुसू नका

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आमच्या घरात शिरलं आणि भिंतीवरचा आजीचा फोटो फ्रेमसकट भिजला. घरच्यांनी तो एका स्टुडिओत दुरुस्तीला दिला. परत आला तो गुळगुळीत चेहरा घेऊन. हनुवटीवरचं गोंदण नाही, गालांवरचे देवीचे व्रण नाहीत. आत्यानं बराच वेळ पाहून विचारलं, "ही कोण?" मूळ फोटो काचेला चिकटला होता. तो ओढून काढताना चेहऱ्याचा पापुद्रा काचेवरच राहिला, आणि त्याआधी कुणी स्कॅनही केलं नव्हतं. आत्याच्या अल्बममध्ये दुसरी प्रत निघाली म्हणून आजी वाचली. त्या प्रतीवर काम करत मी हे शिकलो.

जुन्या कृष्णधवल फोटोत चांदीचे कण जिलेटिनच्या थरात असतात. जिलेटिन पाण्यानं फुगतं आणि वाळताना समोर येईल त्याला चिकटतं. म्हणून भिजलेले फोटो एकमेकांवर ठेवून उन्हात वाळवू नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवून अलगद सुटे करा आणि टिपकागदावर चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. काचेला चिकटून वाळलेला फोटो मात्र सोडवायला जाऊच नका. दोन्ही बाजूंनी तिरका उजेड टाकून काचेसकट कॅमेऱ्यानं टिपा.

सुटा फोटो कृष्णधवल असला तरी रंगीत स्कॅन करा, निदान ६०० डीपीआयला, टिफमध्ये. पिवळे-तपकिरी डाग निळ्या चॅनेलमध्ये ठळक दिसतात, लाल चॅनेलमध्ये बरेचसे विरून जातात. निम्मी दुरुस्ती तिथेच होते, एकही रेघ न ओढता. मला या कामातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो. मूळ स्कॅन बाजूला ठेवा. क्लोन, हीलिंग जे काही कराल ते वेगळ्या लेयरवर.

चेहरा 'स्पष्ट' करणाऱ्या एआयपासून जपा. ही साधनं असंख्य चेहऱ्यांवर शिकलेली असतात. फोटोत जे उरलेलंच नाही, तिथे ती शोभेल असा चेहरा रचतात. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या 'पल्स' या साधनाला बराक ओबामांचा धूसर फोटो दिला, तेव्हा त्यातून एक गोरा माणूस निघाला. मग आमच्या आजीचं गोंदण अशा साधनाला डागच वाटणार. घरातल्या जाणत्या माणसाला स्क्रीनसमोर बसवा. कुठला ठिपका बुरशीचा आणि कुठला गोंदणाचा, हे तेच सांगतील. स्टुडिओत देताना या खुणा कागदावर लिहून द्या, आणि तुमच्यादेखत स्कॅन झाल्याशिवाय फोटोला हात लावू देऊ नका.

रंग भरायचा मोह होतो. पण फोटो टिपायच्या जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा (निगेटिव्ह) लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. लाल कुंकू, लाल लुगडं त्यांवरून काढलेल्या फोटोत काळंच उमटे. करड्या छटेवरून लुगड्याचा रंग ओळखता येत नाही. कुणाला आठवत असेल तरच भरा, आणि त्या प्रतीवर 'रंग नंतर भरला' असं लिहा.

ओठांचा तुकडाच उडाला असेल, तर त्याच व्यक्तीचा त्याच वयाचा दुसरा फोटो शोधा. नाही मिळाला तर तेवढी जागा साध्या करड्या छटेनं भरून तशीच ठेवा. आमच्या आजीच्या डाव्या कानाजवळ अशी जागा आहे, आणि आत्याला ती खटकत नाही.