हास्याची कमाई

पुणे शहराच्या नैऋत्येस मुठा नदीच्या काठी कर्वेनगर नावाचा भाग वसला आहे. पूर्वी या गावास हिंगणे बुद्रुक असे म्हणत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली आपला अनाथ बालिकाश्रम येथील माळावर आणला. आश्रमासाठी त्यांनी गावोगावी फिरून लहानमोठ्या वर्गण्या गोळा केल्या आणि त्यांतून स्त्रीशिक्षणाची मोठी संस्था उभी राहिली. त्यांच्याच नावावरून या गावास आजचे नाव मिळाले.

कर्वेनगराजवळील राजाराम पुलावरून नदी ओलांडली म्हणजे सिंहगड रस्ता लागतो. त्या रस्त्याने शहराच्या दिशेस गेल्यावर एक रमणीय बाग दिसते. जपानमधील ओकायामा शहरात सुमारे तीनशे वर्षांची एक जुनी बाग आहे. तिच्या धर्तीवर ही बाग तयार केलेली असून तिला पु. ल. देशपांडे यांचे नाव दिलेले आहे.

अशा रीतीने नदीच्या एका काठावर एका गंभीर समाजसेवकाचे नाव आहे, तर दुसऱ्या काठावर सर्व महाराष्ट्राला पोट धरून हसविणाऱ्या एका नटाचे व संगीतकाराचे. या दोघांत साम्य ते कोणते, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु पु. लं.चे चरित्र पाहिले म्हणजे हे साम्य ध्यानात येते.

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे बालपण जोगेश्वरी व पार्ले या उपनगरांत गेले आणि शालेय शिक्षण पार्ले टिळक विद्यालयात झाले. त्यांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, वामन मंगेश दुभाषी हे 'ऋग्वेदी' या नावाने लेखन करीत. घरात वाचनाची व गाण्याची आवड होती. लहानग्या पुरुषोत्तमास पेटी शिकविण्यात आली आणि थोड्याच काळात तिच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांवरून त्याची बोटे सहज फिरू लागली. शेजारीपाजारी कोण कसे बोलतो, कसा चालतो, कसा रागावतो, हे टिपून त्याची हुबेहूब नक्कल करण्याची हौसही त्याला याच वयात लागली. एक कान स्वरांकडे आणि दुसरा माणसांच्या बोलण्याकडे, असा हा मुलगा वाढत होता.

पुढे वडिलांचे छत्र हरपले आणि तरुण वयातच संसाराचा भार त्यांच्यावर येऊन पडला. त्यांनी कारकुनी केली, शिकवण्या केल्या, शाळेत शिक्षकाची नोकरी केली. मुंबई, पुणे व सांगली येथे शिकत त्यांनी एम. ए. पर्यंतचे शिक्षण पूर्ण केले. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरी येथे त्यांचा सुनीता ठाकूर यांच्याशी विवाह झाला. सुनीताबाई शिस्तप्रिय, काटेकोर व स्पष्टवक्त्या होत्या. पु. लं.च्या पुढील सर्व कार्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

१९४७ च्या सुमारास पु. लं.नी चित्रपटसृष्टीत प्रवेश केला. त्यांनी कथा लिहिल्या, भूमिका केल्या, गाण्यांना चाली दिल्या. १९५३ साली आलेल्या 'देवबाप्पा' या चित्रपटात ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले आणि आशा भोसले यांनी गायिलेले एक बालगीत आहे. आंब्याच्या वनात मोराला नाचावयास बोलावणारे ते गीत ठाऊक नाही, असे मराठी मूल विरळाच! त्याची चाल पु. लं.ची आहे. त्याच वर्षी आलेल्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटाची कथा, पटकथा, संगीत व दिग्दर्शन ही सर्व कामे पु. लं.नी केली आणि साध्याभोळ्या नायकाची भूमिकाही त्यांनीच वठविली. याच चित्रपटात पंडित भीमसेन जोशी यांच्या आवाजातील इंद्रायणीकाठच्या देवाचे सुप्रसिद्ध गीत आहे. इतके यश लाभले असतानाही पु. लं.नी यानंतर चित्रपटाचा व्यवसाय सोडला. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात व मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात त्यांनी मराठीचे अध्यापन केले. नंतर ते आकाशवाणीत गेले. १९५९ साली दिल्ली येथे दूरचित्रवाणीचा प्रारंभ झाला, तेव्हा तिच्या पहिल्या निर्मात्यांत त्यांची गणना होती.

तथापि पु. लं.चे खरे घर म्हणजे रंगभूमी. 'अंमलदार', 'तुझे आहे तुजपाशी', 'सुंदर मी होणार' इत्यादी नाटके त्यांनी लिहिली. मुलांसाठीही त्यांनी 'वयं मोठं खोटम्' व 'नवे गोकुळ' ही नाटके लिहिली. परंतु त्यांच्या अंगच्या सर्व गुणांचा मेळ 'बटाट्याची चाळ' या प्रयोगात झाला. मुंबईतील एका चाळीत राहणाऱ्या साठ बिऱ्हाडांची गंमत त्यांनी प्रथम पुस्तकात लिहिली आणि १९६१ पासून ती रंगमंचावर एकट्याने सादर केली. भपकेदार देखावा नाही, निरनिराळे पोशाख नाहीत, सोबतीस दुसरा नट नाही. आवाजात किंचित बदल करून, मान थोडी तिरकी करून किंवा खांदे पाडून ते क्षणात कोचरेकर मास्तर होत आणि क्षणात अण्णा पावशे होत. रिकाम्या रंगमंचावर जणू सबंध चाळ भांडू लागे, गाऊ लागे, सहलीस निघे.

हे त्यांना कसे साधले? याचे उत्तर त्यांच्या पेटीत आहे. तबल्याच्या ठेक्यात सम नेमक्या क्षणी यावी लागते. ती थोडी अलीकडे किंवा पलीकडे पडली, तर गाण्याचा रंग जातो. विनोदाचेही तसेच आहे. हशा आणणारा शब्द एक क्षण आधी उच्चारला तर तो वाया जातो आणि एक क्षण उशिरा उच्चारला तर शिळा होतो. पु. लं.ना ही जागा अचूक सापडे, कारण लयीची जाण त्यांच्या रक्तात भिनलेली होती. तसेच प्रत्येक माणसाच्या बोलण्यालाही एक चाल असते. कोकणातला माणूस हेल काढून बोलतो, पुण्याचा माणूस शब्द तोलून बोलतो, कचेरीतला साहेब एका पट्टीत बोलतो आणि घरी दुसऱ्याच पट्टीत. गाण्याची चाल ऐकून ती पेटीवर काढावी, त्याप्रमाणे पु. लं.नी माणसांच्या बोलण्याच्या चाली ऐकल्या आणि आपल्या कंठातून काढल्या.

त्यांच्या विनोदाचा आणखी एक विशेष आहे. एखाद्या दुबळ्या माणसास वेडावून दाखविले तरी लोक हसतात, परंतु त्या हसण्याने कोणाचे तरी मन दुखावते. पु. लं.नी माणसाच्या बढाईस, ढोंगास व हट्टास हसविले, त्याच्या गरिबीस किंवा दुःखास कधीही हसविले नाही. म्हणूनच चाळीतल्या माणसांना हसता हसता ती माणसे आपलीशी वाटू लागतात आणि शेवटी चाळ आपले मनोगत सांगते, तेव्हा श्रोत्यांचे डोळे पाणावतात.

'बटाट्याची चाळ' आणि त्यापाठोपाठ आलेली 'वाऱ्यावरची वरात' या प्रयोगांची तिकिटे मिळविण्यासाठी लोकांच्या रांगा लागत. अशा वेळी कोणताही व्यावसायिक नट आणखी प्रयोग लावील. पु. लं.नी व सुनीताबाईंनी मात्र गर्दी ओसरण्यापूर्वीच हे प्रयोग आपण होऊन थांबविले. एकच गोष्ट पुन:पुन्हा करीत राहिल्याने तिच्यातील ताजेपणा जातो, हे ते जाणून होते. मिळालेल्या पैशाचेही त्यांनी असेच केले. आपल्या साध्या राहणीस पुरेल इतके ठेवून बाकीचे धन समाजाच्या कामी लावावे, असा निश्चय करून त्यांनी 'पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान' स्थापन केले. त्यामार्फत शाळा, वाचनालये, रुग्णसेवा व नाट्यकला यांना साहाय्य मिळाले. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी व्यसनाधीन माणसांसाठी 'मुक्तांगण' हे केंद्र सुरू केले. त्या केंद्राच्या उभारणीस पु. ल. व सुनीताबाई यांच्या देणगीचा आधार होता. प्रेक्षागृहात एका सायंकाळी उमटलेला हशा अशा रीतीने कोणाच्या तरी घरातील अश्रू पुसण्याच्या कामी आला.

आता महर्षी कर्व्यांचे आणि पु. लं.चे साम्य सहज ध्यानात येईल. महर्षींनी लोकांपुढे झोळी पसरली, तर पु. लं.नी लोकांना हसविले. मार्ग वेगळे असले, तरी लोकांकडून जे मिळाले ते लोकांच्याच चरणी वाहावे, ही वृत्ती दोघांचीही एकच होती.

हसविणारा माणूस प्रसंगी कणखर नसतो, असा एक समज आहे. पु. लं.नी तो खोटा ठरविला. १९७५ साली देशात आणीबाणी पुकारण्यात आली व वृत्तपत्रांवर बंधने आली, तेव्हा विचारस्वातंत्र्याच्या बाजूने ते निर्भयपणे उभे राहिले. १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी गावोगावी भाषणे केली. निवडणूक संपताच कोणतेही पद न मागता ते पुन्हा आपल्या लेखणीकडे व पेटीकडे वळले.

पु. लं.ना अनेक मानसन्मान लाभले. 'व्यक्ती आणि वल्ली' या पुस्तकास १९६५ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९६६ साली 'पद्मश्री' व १९९० साली 'पद्मभूषण' या पदव्या त्यांना मिळाल्या आणि पहिला 'महाराष्ट्रभूषण' पुरस्कारही त्यांनाच देण्यात आला. अखेरच्या वर्षांत कंपवाताने त्यांचे शरीर थकले. पेटीवर लीलया फिरणारी ती बोटे स्थिर राहीनाशी झाली. १२ जून २००० रोजी, आपल्या विवाहाच्या चोपन्नाव्या वाढदिवशी, त्यांनी पुण्यात देह ठेवला.

आजही एखाद्या घरात त्यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रण लागते आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे एकत्र बसून हसतात. आपल्या विद्येने चार माणसांना आनंद द्यावा, तो देताना कोणाचे मन दुखवू नये आणि त्यातून जे मिळेल त्यात इतरांचाही वाटा ठेवावा, हाच धडा हा थोर कलावंत आपल्या आयुष्याने शिकवून गेला.

शब्दार्थ

धर्तीवर : नमुन्याप्रमाणे. बिऱ्हाड : भाड्याच्या घरात राहणारे कुटुंब. सम : तालातील पहिली, महत्त्वाची मात्रा. हेल : बोलण्यातील लांबट सूर. लीलया : सहजपणे. कंपवात : हातपाय थरथरण्याचा विकार.

स्वाध्याय

१. लहानपणी पुरुषोत्तमास कोणत्या दोन गोष्टींची आवड होती? पुढील आयुष्यात त्यांचा उपयोग कसा झाला?
२. विनोद व संगीत यांत लेखकाने कोणते साम्य दाखविले आहे? ते आपल्या शब्दांत सांगा.
३. कारणे द्या : (अ) पु. लं.नी लोकप्रिय प्रयोग आपण होऊन थांबविले. (आ) 'बटाट्याची चाळ' ऐकताना श्रोत्यांना चाळीतील माणसे आपलीशी वाटत.
४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : छत्र हरपणे, पोट धरून हसविणे, रक्तात भिनणे, झोळी पसरणे.
५. आपल्या वर्गातील एखाद्या मित्राची नक्कल केली असता तो रागावला. नक्कल करणाऱ्याचे काय चुकले असेल? या पाठाच्या आधारे दहा ओळी लिहा.
६. आपल्या गल्लीतील भाजीवाले, पोस्टमन, दुकानदार यांपैकी एकाचे बोलणे लक्षपूर्वक ऐका आणि त्यांचा आदर राखून त्याचे वर्गात सादरीकरण करा.