घट्ट की पातळ?

टेबलावर दहा वह्यांची चळत ठेवा. वरच्या वहीवर तळहात ठेवून हळूच पुढे ढकला. प्रत्येक वही खालच्या वहीवरून थोडी थोडी सरकली, तर चळत तिरकी होते. पाणी, गोडेतेल, काकवी यांचे थर असेच एकावर एक सरकतात. काकवी थंडीत फार हळू वाहते, पण वाहते सगळीच.

आता समजा, घसरण फक्त दोनच वह्यांमध्ये झाली. वरच्या सात वह्या गठ्ठ्याने सरकल्या, खालच्या तीन जागच्या हलल्याच नाहीत. टूथपेस्ट किंवा दाट चिखल असा वागतो. त्यातले बारीक कण एकमेकांना धरून असतात. जिथे जोर पुरतो तिथलीच पकड सुटते, तेवढाच थर वाहतो. रंगीत पट्ट्यांची टूथपेस्ट दाबून पाहा. कडेचा पातळ थर घसरतो आणि मधला भाग कांडीसारखा अख्खा बाहेर येतो. म्हणून पट्टे एकमेकांत मिसळत नाहीत.

गाळात मात्र हीच गोष्ट जिवावर बेतते. नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली रुतत्या वाळूवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणूस धडपडला, की वाळू आणि चिकणमातीची पकड सुटते, ती पातळ होते आणि पाय खाली जातो. मग वाळू तळाशी बसते. वर पाणी पाणी, खाली दाट थर, आणि पाय नेमका त्या दाट थरात! सेकंदाला १ सेंटिमीटर वेगाने पाय उपसायचा, तर मध्यम आकाराची मोटार उचलण्याइतका जोर लागतो. तरी माणूस डोक्यापर्यंत बुडत नाही, सिनेमात दाखवतात ते खोटं. त्या वाळूची घनता पाण्याच्या सुमारे दुप्पट, आपल्या शरीराची जवळजवळ पाण्याएवढी. त्यामुळे तो कमरेपर्यंतच रुततो. समुद्रकाठी खरी भीती भरतीची.

अशा वेळी मागे रेलावं आणि पाय अगदी हळू हलवत राहावं. तेवढ्याने पाणी आत शिरतं व वाळू सैल होते.

उन्हाळ्यात तळं आटलं, की म्हैस गाळात रुतते. सगळे धावतात, दोर लावतात आणि ओढत सुटतात. त्याआधी पाइपने तिच्या पायांभोवती खोलवर पाणी सोडावं, म्हणजे गाळाची पकड ढिली होते. दोर मानेला कधीच बांधू नये. पुढच्या पायांमागून, छातीखालून रुंद पट्टा घालावा आणि सावकाश ओढावं.