ट्रायॅक का मरतो?

मराठी विभागासाठी टेक्निकल लेख लिहायचा ठरल्यावर मी आधी ट्रायॅकला मराठी शब्द शोधला. धड एकही मिळाला नाही, म्हणून ट्रायॅकच म्हणूया.

ट्रायॅक हा दोन्ही दिशांनी करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. एसीच्या प्रत्येक अर्ध्या सायकलमध्ये त्याला उशिरा गेट पल्स दिला की दिवा मंद होतो, आणि करंट शून्याजवळ आला की तो आपोआप बंद होतो. लॅबमध्ये आपण हे वेव्हफॉर्म काढतो, जर्नलवर सही घेतो आणि विसरतो. पण तो जळतो का, हे व्हायवात कुणी विचारत नाही.

गॅदरिंगच्या तालमीत ब्लॅकआउट झाला, पण ५०० वॅटचा एक हॅलोजन मात्र लख्ख पेटलेला! नॉब शून्यावर होता. भाड्याचा तो डिमर उघडला, तर आत हीटसिंक नसलेला बीटी १३६. मग आम्ही हिशोब मांडला.

५०० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे साधारण २.२ अँपिअर. ट्रायॅक ४ अँपिअरचा. कागदावर सगळं सेफ! पण दोन गोष्टी राहून जातात.

पहिली, थंड फिलामेंट. गरम असताना या दिव्याचा रेझिस्टन्स सुमारे १०६ ओहम असतो, थंड असताना त्याच्या बाराव्या-तेराव्या हिश्श्याइतका, म्हणजे ८ ओहमच्या आसपास. मेन्सचा पीक ३२५ व्होल्ट. नेमका पीकवर दिवा ऑन झाला तर पहिला झटका ४० अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. बीटी १३६ ची सर्ज मर्यादा २५ अँपिअर. फिलामेंट तुटताना तर आणखी वाईट. तुटलेल्या टोकांमध्ये आर्क पेटला की करंटला फक्त वायरिंगच अडवतं. या ट्रायॅकचं आय-स्क्वेअर-टी ३.१ आहे, म्हणजे १०० अँपिअर तो जेमतेम ०.३ मिलिसेकंद सोसतो. एमसीबी ट्रिप व्हायला काही मिलिसेकंद लागतात. थोडक्यात, एमसीबी वायर वाचवते, ट्रायॅक नाही.

दुसरी, उष्णता. ऑन असताना ट्रायॅकवर सुमारे १.२ व्होल्ट पडतात. २.२ अँपिअरला अडीच वॅटच्या वर उष्णता झाली. हीटसिंक नसेल तर प्रत्येक वॅटमागे जंक्शन ६० अंशांनी तापतं, म्हणजे खोलीच्या तापमानावर दीडशे अंश! मर्यादा मात्र १२५ ची. त्यातून डिमर बंद प्लॅस्टिकच्या डब्यात.

आता खरी काळजीची गोष्ट. ट्रायॅक मरतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो. म्हणजे नॉब शून्यावर असला तरी होल्डरमध्ये पूर्ण २३० व्होल्ट. चांगला ट्रायॅकसुद्धा पूर्ण तोडत नाही. त्याच्या पॅरलल स्नबरमध्ये ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर असेल तर त्यातून ७ मिलिअँपिअर जाऊ शकतात. शॉक बसायला एवढे पुष्कळ. आणि बीटी १३६ ची धातूची पाठ एमटी-२ ला जोडलेली असते, त्यामुळे थेट लावलेला हीटसिंकही लाइव्ह! तालमीच्या त्या दिवशी एक ज्युनिअर नॉब फिरवून दिवा बदलायला स्टुलावर चढला होता. वायरमन काकांनी ओरडून त्याला खाली उतरवलं आणि आधी मेन स्विच पाडला. त्यानंतरच आम्ही डिमर उघडला.

मग करायचं काय? एवढ्या लोडला १६ अँपिअरचा, ६०० व्होल्टचा बीटीए १६ घ्या. त्याची सर्ज मर्यादा १६० अँपिअर आहे आणि पाठ आतून इन्सुलेटेड. ४०० व्होल्टचा ट्रायॅक नको, कारण ३२५ च्या पीकवर स्पाइक आला की फारशी जागा उरत नाही. हीटसिंक हवाच. शक्यतो सेमीकंडक्टर फ्यूज लावा. नाटकात नॉब हळू वर न्या. अंक सुरू होण्याआधी फिलामेंट किंचित लालसर ठेवलं तर झटका कमी बसतो.

आणि रूमवरच्या डिमरवर साधा एलईडी बल्ब लावू नका. त्याचा करंट ट्रायॅकच्या होल्डिंग करंटखाली गेला की तो लुकलुकतो. डिमेबल लिहिलेलाच घ्या.

ट्रायॅक वीस-पंचवीस रुपयांत मिळतो, तो परत बसवता येतो. दिवा बदलताना मात्र नॉबवर विसंबू नका. आधी मेन स्विच पाडा, मगच हात घाला.