डॉक्टरांच्या घरातील कागद

लेखकाच्या निधनानंतर त्याच्या घरात दोन प्रकारचे कागद उरतात. हस्तलिखिते, कात्रणे आणि प्रकाशकांची पत्रे कोणीही जपून ठेवतो. हिशेबाच्या वह्या, रोजनिशा, भावाबहिणींची पत्रे आणि रोग्यांच्या याद्या मात्र बहुधा रद्दीत जातात. लेखक जर व्यवसायाने डॉक्टर असेल, तर या दुसऱ्या प्रकारच्या कागदांचे मोल विशेष असते. कारण त्याने पाहिलेले जग प्रथम तेथे नोंदले जाते आणि कथेत ते मागाहून येते. या दृष्टीने अंतोन चेकॉव्ह यांच्या कुटुंबाचे कागद अभ्यासण्यासारखे आहेत.

चेकॉव्ह यांनी 1884 मध्ये मॉस्को विद्यापीठातून वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केले आणि 1892 मध्ये मॉस्कोच्या दक्षिणेस मेलिखोवो येथे जमीन व घर घेतले. त्याच वर्षी कॉलऱ्याची साथ येऊ घातली. झेम्स्त्वो म्हणजे आपल्याकडील लोकल बोर्डासारखी स्थानिक संस्था. तिच्या वतीने त्यांनी 25 गावे, 4 कारखाने आणि एक मठ यांच्या आरोग्याची जबाबदारी विनावेतन पत्करली. त्या काळातील पत्रांत साहित्यचर्चेपेक्षा चुना, औषधे, खराब रस्ते आणि देणग्यांसाठी केलेल्या विनवण्या यांचेच वर्णन अधिक आढळते. 1897 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘मुझिक’ ही शेतकऱ्यांच्या जीवनावरील कथा वाचताना, खेड्यातील दैन्याचे हे ज्ञान लेखकाने कोठून मिळविले, याचा उलगडा या पत्रांवरून होतो.

परंतु घरचे कागद वाचताना एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. एकटा कागद क्वचितच पूर्ण सत्य सांगतो. चेकॉव्ह यांचे वडील पावेल येगोरोविच यांचेच उदाहरण घेऊ. तागानरोग येथे त्यांचे किराणा दुकान होते. 1876 मध्ये दिवाळे निघाल्याने त्यांना मॉस्कोस पळून जावे लागले. 1889 मध्ये थोरल्या भावास लिहिलेल्या पत्रात चेकॉव्ह यांनी वडिलांच्या जुलमाने व खोटेपणाने आपले बालपण कसे नासले, याचे कठोर स्मरण करून दिले आहे. 1895 मधील ‘तीन वर्षे’ या दीर्घकथेत नायक पाच वर्षांचा होण्यापूर्वीच व्यापारी बापाचा मार खाऊ लागतो. याउलट मेलिखोवो येथे वडिलांनी स्वतः ठेवलेल्या रोजनिशीत हवामान, पाहुण्यांचे येणेजाणे, शेतीची कामे अशा चारदोन शब्दांच्या निरुपद्रवी नोंदी आहेत. केवळ पत्र वाचले तर वडील जुलमी ठरतात. केवळ रोजनिशी वाचली तर साधे, टापटिपीचे गृहस्थ ठरतात. दोन्ही समोर ठेवल्यावर दिसते ते असे की, ज्याच्या हातचा मार खाल्ला त्याच वृद्धाला मुलाने अखेरपर्यंत आपल्या घरात मानाने सांभाळले. ही गोष्ट कथेतून कळली नसती.

हे कागद टिकले, याचे मोठे श्रेय धाकटी बहीण मारिया पावलोव्हना हिच्याकडे जाते. 1904 मध्ये चेकॉव्ह वारल्यानंतर तिने ठिकठिकाणांहून त्यांची पत्रे गोळा केली आणि 1912 ते 1916 या काळात ती सहा खंडांत प्रसिद्ध केली. याल्टा येथील घर 1921 मध्ये संग्रहालय झाले. 1957 मध्ये मृत्यू येईपर्यंत ती त्याची प्रमुख होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने याल्टा व्यापले, तेव्हाही तिने ते घर सोडले नाही. मात्र जिने राखले तिनेच झाकलेही. कुटुंबाला कमीपणा आणणारा मजकूर तिने छापू दिला नाही. पुढे 1974 ते 1983 या काळात निघालेल्या तीस खंडांच्या आवृत्तीत बारा खंड पत्रांचे होते, तरी त्यांतही अशिष्ट वाटणारी काही वाक्ये वगळलेली होती. तथापि मूळ पत्रे नष्ट झाली नव्हती. म्हणूनच गाळलेले शब्द पुढील अभ्यासकांना पुन्हा वाचता आले. छापताना वगळणे आणि जाळून टाकणे यांतील अंतर हे असे आहे.

ही गोष्ट केवळ रशियाची नव्हे. आपल्याकडे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे जीवन आपण जाणतो तेही मुख्यतः पत्रांमुळेच. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्राला त्याच पत्रांचा आधार आहे. जबलपूर 1817 पर्यंत भोसल्यांच्या अंमलाखाली होते. अशा गावी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत मोडी कागदांची बोचकी आणि जुन्या वह्या असणे स्वाभाविक आहे. मोडी वाचणारा घरात उरला नाही म्हणून ती टाकून देऊ नयेत. वाळवी व ओल यांपासून ती दूर ठेवावीत, ज्या क्रमाने सापडली तो क्रम मोडू नये, कोणाचे पत्र कोणास आहे ते वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे. लज्जास्पद वाटणारा कागद हवा तर लखोट्यात बंद करावा; पण तो फाडू नये. त्याचा न्याय करण्याचा अधिकार पुढच्या पिढीलाही आहे.